अलर्टचा रंग आणि वावरातली जागल

माझे गाव यवतमाळ जिल्ह्यातले. आठ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर वाझू हे सुरक्षेवर नजर ठेवणारे साधन बसवून मी लॉग, म्हणजे यंत्रांच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, वाचायला शिकलो; भारनियमनात एजंटचा, म्हणजे यंत्रावरून नोंदी पाठवणाऱ्या प्रोग्रामचा, संपर्क तुटला की नोंदी न येणे हीसुद्धा एक घटना असते, हे तेव्हाच समजले. त्यामुळे सायबर सुरक्षा निरीक्षण कक्षात रुजू होताना माझा आत्मविश्वास गरजेपेक्षा जास्तच होता.

एका रात्रपाळीत एका पतसंस्थेच्या चाचणी सर्व्हरवर विंडोजच्या ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, शेकडो नोंदी येऊ लागल्या आणि त्यांवर ‘अतिगंभीर’ असा लाल शिक्का उमटला. मी दोन तास त्यातच गुंतलो. दरम्यान हिशेबाच्या सर्व्हरवर रात्री दोनच्या सुमारास एका लेखापालाच्या खात्यातून रिमोट डेस्कटॉपने झालेल्या यशस्वी प्रवेशाची, म्हणजे लॉगऑन प्रकार १० असलेल्या ४६२४ ची, एकच नोंद आली. यशस्वी प्रवेश रोजचाच, म्हणून तिची पातळी खालची होती. मी ती उघडलीही नाही. पाठोपाठ सुरक्षा लॉग पुसल्याची ११०२ ही नोंद आली, तीही तशीच राहिली. सकाळी वरिष्ठांनी दोन्ही नोंदी शेजारी ठेवून दाखवल्या, तेव्हा मला मान वर करवेना.

माझी चूक नेमकी समजून घ्या. वर्गीकरण मला जमत होते: मायटर अटॅक या हल्ल्यांच्या पद्धतींच्या सूचीच्या भाषेत पहिला प्रकार टी१११०, ब्रूट फोर्स, म्हणजे एकामागून एक पासवर्ड लावून पाहणे, आणि दुसरा टी१०७८, वैध खात्यांचा गैरवापर. मात्र साधनाने दिलेली तीव्रता हीच जोखीम, असे मी धरून चाललो. तीव्रतेचा नियम लिहिणाऱ्याला तुमच्या संस्थेत कोणते यंत्र काय सांभाळते, हे ठाऊक नसते. सीव्हीएसएस या त्रुटींची तीव्रता मोजणाऱ्या पद्धतीच्या मूळ गुणांचेही तसेच. २०२१ च्या लॉगफोरशेल या त्रुटीला १० पैकी १० गुण होते, पण इंटरनेटला उघडा असलेला सर्व्हर आणि कपाटात बंद पडलेला सर्व्हर यांची जोखीम सारखी कशी असेल? जागलीला, म्हणजे रात्री पिकाच्या राखणीला, गेलेल्यांना हे सांगावे लागत नाही. पऱ्हाटी उपटलेल्या वावरात कुत्रे कितीही भुंकले तरी माणूस मचाणावरून उतरत नाही, पण घाटे भरलेल्या हरभऱ्यात नुसती सळसळ झाली तरी बॅटरी घेऊन धावतो. घडण्याची शक्यता आणि घडल्यास होणारे नुकसान, दोन्ही तोलल्याशिवाय अंदाज बांधू नका.

‘डम्प्स’, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न आणि उत्तरे, पाठ करून प्रमाणपत्र मिळवणाऱ्यांबद्दल माझे मत वाईट आहे. तयार उत्तरे देणाऱ्या मार्गदर्शकांबद्दल त्याहून वाईट. माझे वरिष्ठ एकच प्रश्न विचारत: “हे यंत्र बंद पडले, तर उद्या कोणाचे काम अडेल?” इंग्रजी अडखळते म्हणून घाबरू नका, माझेही अडखळत होते. उशिराची भीती मात्र जरूर बाळगा: सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरवून दिलेल्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात.

रुजू होताच यंत्रांची यादी मागा. ती नसेल, तर लेखापालांजवळ अर्धा तास बसून स्वतः तयार करा. मी ती केली, पण त्या रात्रीनंतर.