जड पोटासाठी चेनपी: घरी कशी करायची

माझं माहेर वरुडचं. तिथे संत्र्याची साल उकिरड्यावर जाते. इथे चीनमधल्या ग्वांगझूत फळापेक्षा सालीलाच भाव. त्यातही जवळच्या शिन्हुई भागातली साल हवी, असा शेजारणींचा हट्ट. शिन्हुईतले लोक सालीसाठी गर कित्येकदा टाकून देतात. या सालीला मुरवून चेनपी करतात. निदान ३ वर्षं मुरल्याशिवाय कुणी तिला चेनपी म्हणत नाही.

फळ नोव्हेंबर-डिसेंबरमधलं, पूर्ण पिकलेलं घ्या. मेण लावलेलं चकचकीत फळ नकोच. धुऊन, पुसून सालीला तीन उभे छेद द्या आणि अलगद सोला, म्हणजे एका टोकाला जोडलेल्या तीन पाकळ्या निघतात. ताजी साल लगेच उलटी करू नका, मोडते. वाऱ्यावर ठेवा, मऊ पडली की पांढरी बाजू बाहेर येईल अशी उलटवा आणि कडक उन्हात, वाकवली की कट्‌कन मोडेल इतकी वाळवा.

मग बरणीत. इथे फेब्रुवारी-मार्चात भिंतींना पाणी सुटतं, त्या दिवसांत बरणी अजिबात उघडायची नाही. पावसाळ्यात आपल्याकडेही हेच. कोरडं ऊन पडलं की साल पुन्हा बाहेर काढायची, दरवर्षी. बुरशी दिसली तर ती साल फेकून द्या, पुसून वापरू नका. मुरत जाते तशी ती तपकिरी होते, वासातला तिखटपणा जाऊन गोडसर, जुन्या लाकडासारखा वास येतो.

जेवण अंगावर आलं, पोट फुगलं, तर दोन-तीन पाकळ्या (५ ग्रॅमच्या आसपास) भिजवा, दोन कप पाण्यात दहा मिनिटं मंद उकळा, हवी तर आल्याची चकती टाका. कोमट प्या. साखर घालणाऱ्यांशी माझं पटत नाही. उरलेली साल लाल चवळीसारख्या बियांच्या गोड सूपमध्ये जाते. तिथे मात्र आतला पांढरा थर खरवडा, नाहीतर कडू होतं.

चिनी वैद्य चेनपी उष्ण मानतात. तोंड कोरडं पडत असेल, जीभ लालभडक असेल, तर तेच नको म्हणतात. गरोदर बायकांनी आणि रोजच्या गोळ्या चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. पोटदुखी थांबतच नसेल, शौचातून रक्त जात असेल किंवा वजन उतरत असेल, तर काढा बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठा.

नागपुरी संत्रंही याच जातकुळीतलं. वास तितका भरत नाही, पण पोटाला चालतं.