स्टॅटिक साईट की सतत अपडेट होणारी? ठरवताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी आणि मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक म्हणजे लिहिणारं कोणी नसताना होमपेजवर "ताज्या घडामोडी" टाकणं. एका प्रशिक्षण संस्थेची साईट माझ्याकडे दुरुस्तीला आली होती. कोर्सची माहिती बरोबर, पत्ता बरोबर, फोन चालू, सगळं ठीक, पण वरती ठळक अक्षरात दोन वर्षांपूर्वीची बातमी. लिहिणारी व्यक्ती नोकरी सोडून गेलेली, पासवर्ड कोणाकडेच नाही आणि लोक फोन करून विचारतायत की संस्था चालू आहे ना? एका जुन्या तारखेमुळे बाकीच्या खऱ्या माहितीवरचाही विश्वास उडाला होता. मी नवीन काहीच बनवलं नाही, तो भाग काढला, कोर्सची माहिती वर आणली, बास, तसले फोन थांबले.

तेव्हापासून माझी सवय अशी की कोणी ब्लॉग किंवा बातम्यांचा विभाग मागितला की म्हणतो, आधी पाच मजकूर लिहून पाठवा, मग विभाग करून देतो. बरेच जण पहिल्यावरच अडकतात. त्यांना पाच-सहा पक्की पानं पुरतात आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

दुसरी चूक, स्टॅटिक म्हणजे कधीच न बदलणारी साईट असं धरून चालणं. अहो, फरक पान कधी तयार होतं यात आहे. वर्डप्रेसमध्ये (ब्राऊझरमधून लॉगिन करून मजकूर बदलता येणारं सॉफ्टवेअर) कोणी पान उघडलं की पीएचपी, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड, डेटाबेसमधून मजकूर काढून ते तेव्हा जुळवतं (कॅशे असेल तर तयार प्रत देतं), आणि जेकिल, ह्युगोसारख्या टूलमध्ये आधीच बिल्ड करून, म्हणजे सगळी पानं एकदाच जुळवून, तयार एचटीएमएल फाईली सर्व्हरवर ठेवतात. जेकिल २००८ पासून आहे आणि ते ब्लॉगसाठीच बनवलंय, म्हणजे रोज लिहा की, कोण अडवतंय! खरा प्रश्न हा की मजकूर बदलणार कोण. जेकिल, ह्युगोमध्ये मजकूर सहसा गिटमधून (फाईलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) बदलतात, त्या माणसाला ते बघूनच धडकी भरत असेल तर महिन्यातून एकदाच बदल असला तरी वर्डप्रेस द्या. आणि लॉगिन करून प्रत्येकाला वेगळं काही दिसायचं असेल तर नुसत्या फाईलींवर भागत नाही, मागे सर्व्हर किंवा बाहेरची सर्व्हिस लागतेच.

चार पानांसाठी वर्डप्रेस टाकून विसरून जाऊ नका. २०१३ च्या ३.७ पासून छोटे सिक्युरिटी अपडेट आपोआप येतात, पण ते मुख्य सॉफ्टवेअरचे, प्लगइनकडे (वरून जोडलेल्या जादा सोयींकडे) तुम्हालाच बघावं लागतं. पीएचपी ७.४ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला, तुमचं होस्टिंग कुठल्या व्हर्जनवर आहे ते आजच बघा.

मजकूर तोच ठेवून नुसती तारीख बदलायचा शॉर्टकट तर अजिबात नको, गूगल स्वतःच सांगतं असं करू नका म्हणून.

फोन नंबर प्रत्येक पानावर हाताने टाईप करू नका, एका ठिकाणी ठेवा आणि तिथूनच सगळीकडे येऊ द्या.

जुनं पान हलवलं तर ३०१ रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला माणूस आपोआप नव्या पत्त्यावर जातो.

आणि "बदल केला पण दिसत नाही" म्हणून घाईघाईने सगळं परत अपलोड करत बसू नका. आधी इन्कॉग्निटो विंडोत उघडून बघा, मग सीडीएनचा (साईटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) कॅशे साफ करा, तरी जुनंच दिसलं तर बिल्डचा लॉग, म्हणजे बिल्ड होताना टूल लिहितं ती नोंद, वाचा, पूर्ण वाचा, बऱ्याचदा बिल्ड मध्येच फेल झालेलं असतं आणि सर्व्हरवर अजून आधीच्याच फाईली असतात.