सर्वांना सामावून घेणाऱ्या वर्गात सजगतेचा सराव कसा आणावा

सजगता (माइंडफुलनेस) म्हणजे आत्ता जे घडते आहे त्याकडे, बरे-वाईट न ठरवता, लक्ष देणे. तिच्या सरावातली ‘डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या’ ही सूचना साधी वाटते. पण दमा असलेल्या, पॅनिक अटॅक येणाऱ्या किंवा हिंसा सोसलेल्या विद्यार्थ्याची बेचैनी श्वासाकडे लक्ष दिल्याने वाढू शकते. चारचौघांत डोळे मिटणेही काहींना असुरक्षित वाटते. म्हणून महाविद्यालयात सजगता आणताना, ती ज्याला सर्वांत अवघड जाईल त्याचा विचार आधी करावा.

१. हेतू आणि मर्यादा ठरवा. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला सजगतेचा कार्यक्रम आठ आठवड्यांचा आहे आणि तो रुग्णांसाठी आखला होता. तासातली दोन मिनिटे म्हणजे उपचार नव्हेत. मन विषयावर यावे, एवढ्यासाठीच ती वापरा. भाषा धर्मनिरपेक्ष ठेवा. मंत्र, हात जोडणे, ठरावीक आसन यांची गरज नाही.

२. निवड खरीखुरी द्या. सूचना अशी असू द्या: ‘पुढची दोन मिनिटे शांततेची आहेत. डोळे उघडे ठेवा किंवा मिटा. जमिनीला टेकलेले पाय, हातातले पेन, खोलीतले आवाज, श्वास यांपैकी जे सोयीचे असेल त्याकडे लक्ष द्या. नको असेल तर वहीत काही लिहा किंवा रेघोट्या ओढा.’ हीच सूचना फळ्यावरही लिहा. ऐकू न येणाऱ्याला आणि तोंडी सूचना समजायला वेळ लागणाऱ्याला ती लागते. स्थिर बसणे ज्यांना जमत नाही त्यांना उभे राहू द्या, मागे फेऱ्या मारू द्या. भाग न घेणाऱ्याला कारण विचारू नका. हजेरी आणि गुण यांच्याशी सरावाचा संबंध जोडला की निवड नावापुरती उरते.

३. सराव विषयातच गुंफा. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. हार्वर्डमधील कला-इतिहासाच्या प्राध्यापक जेनिफर रॉबर्ट्स विद्यार्थ्यांना एकच चित्र सलग तीन तास पाहायला सांगतात. आपल्या तासाला पाच मिनिटेही पुरतात: एक आलेख, एक उतारा किंवा एक पेशीचित्र घ्या. आधी फक्त काय दिसते ते लिहायचे, अर्थ नंतर. लिखाण ज्याच्या त्याच्या भाषेत चालेल, कारण ते तपासायचे नसते.

४. प्रश्नानंतर थांबा. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना १९७० च्या दशकात शालेय विज्ञानाच्या तासांत आढळले, की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर उत्तरे लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. महाविद्यालयातही हे करून पाहावे. त्याला साहित्य लागत नाही.

५. वादाच्या विषयावर जोडीजोडीने एकमेकांचे ऐकायला लावा. एकाने दोन मिनिटे बोलायचे, दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकायचे, मग अदलाबदल. खूण-भाषेतूनही हे करता येते. मात्र भेदभाव सोसलेल्या विद्यार्थ्याकडून त्याचा अनुभव वदवून घेऊ नका. कोणी अन्यायाची तक्रार केली तर ‘आधी शांत हो’ म्हणून सजगता पुढे करणे सरळ चुकीचे आहे. तक्रार ऐका आणि तिची दखल घ्या.

६. महिनाभराने निनावी चिठ्ठ्या घ्या: काय उपयोगी पडले, काय खटकले? एकाच चिठ्ठीत त्रास नोंदलेला असला तरी सराव बदला. वर्गात कोणी घाबरले, रडू लागले तर लगेच थांबा, सर्वांदेखत चौकशी करू नका. तास संपल्यावर एकांतात बोला आणि महाविद्यालयाच्या समुपदेशकाशी कसा संपर्क साधायचा ते सांगा.