जुन्या शीतपेयांच्या पाट्या जमवताय? या चुका टाळा

पहिली चूक मी स्वतः केलीय आणि ती अजून सलते. मंगळवार पेठेत भंगाराच्या ढिगात मला गोल्ड स्पॉटची पत्र्याची पाटी मिळाली. घरी आणली, चिंच लावली आणि तांब्याचा हंडा घासावा तशी तारेच्या घासणीनं घासली. दहा मिनिटांत नारिंगी रंग मोरीतून वाहून गेला, हातात ओरखडलेला पत्रा उरला.

छापील पत्र्यावरचा रंग फार पातळ असतो. त्याला आंबट, पावडर, तार यातलं काहीच लावायचं नाही. मऊ सुती फडका, साधं पाणी, साबणाचा एखादा थेंब, तोही आधी एका कोपऱ्यावर लावून बघायचा. मग लगेच कोरडं पुसायचं. थोडा गंज राहिला तर राहू द्या.

इनॅमलची पाटी घेताना घाई नको. लोखंडी पत्र्यावर काचेची पूड सुमारे ८०० अंशांना भाजून ती बनते. तिचा रंग म्हणजे काचच, त्यामुळे तो उन्हानं सहसा विटत नाही. बोट फिरवा, एका रंगावरून दुसऱ्यावर जाताना बारीकसा उंचवटा लागतो. खऱ्या जुन्या पाटीच्या स्क्रूच्या भोकांभोवती वेडेवाकडे टवके उडालेले असतात आणि तिथूनच गंज पसरलेला असतो. चारी भोकांना अगदी सारखा गंज दिसला तर ओला फडका फिरवा, रंगवलेला गंज फडक्याला लागतो.

विकणाऱ्यानं सांगितलेल्या सालावर विसंबू नका. थम्स अप आलं १९७७ साली, म्हणजे ‘१९६५ ची थम्स अपची पाटी’ असूच शकत नाही. शिवाय त्याच्या इंग्रजी नावात ‘बी’ हे अक्षर नाही. कोका-कोला १९७७ ला देशातून गेली ती १९९३ ला परतली. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर पाटी १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. इंग्रजीत सोलापूरचं जुनं ‘शोलापूर’ हे स्पेलिंग आहे एवढ्यावरून मात्र काही ठरवू नका, ते स्पेलिंग लोक पुढेही बरीच वर्षं लिहीत होते.

आपल्याकडे सोलापुरात दमटपणापेक्षा उन्हाची भीती जास्त. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, आणि पश्चिमेच्या भिंतीवर लावलेल्या कागदी कॅलेंडरचा लाल रंग बघता बघता फिका पडतो. कागद आतल्या खोलीत ठेवा. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते पुन्हा निघत नाही. पाट्या एकावर एक रचायच्या असतील तर मध्ये जुन्या सोलापुरी चादरीचे तुकडे घाला. प्लास्टिकमध्ये गुंडाळलं की ओल आत अडकते.

गोळी सोड्याच्या बाटलीतली गोळी खेळायला मिळावी म्हणून पोरांनी कितीतरी बाटल्या फोडल्या. म्हणून अखंड जुनी बाटली दिसली तर गळ्याची खाच आणि गोळी आधी तपासा, नुसत्या चकाकीवर जाऊ नका.

आणि घेतानाच विचारा, ही कुठल्या दुकानावर होती, कोणत्या चौकात? उत्तर मिळालं की चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहून ती पाटीबरोबर पाकिटात ठेवा. माझ्या निम्म्या पाट्यांच्या चिठ्ठ्या कोऱ्या आहेत, कारण तेव्हा मी फक्त भाव विचारला होता.