नाव शे, पोर नही

अंगणवाडीच्या हजेरीपटावर ३१ नावं होती आणि ३१ जणांपुढे त्या दिवशीचा 'ह' लिहून झाला होता. खोलीतली पोरं मोजली, तर १८. सेविका पाणी आणायला गेली होती. दाराशी नातवाला घेऊन बसलेल्या म्हातारीला विचारलं, "आजी, बाकीची पोरं कुठं?" ती अहिराणीत म्हणाली, "नाव शे माय, पोर नही," म्हणजे नाव आहे, पोर नाही. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते आणि तेरा पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेली होती. त्या पटाच्या आधीच्या पानांवर 'तपासले' म्हणून सही होती, ती माझी होती.

मी २६ वर्षं सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमध्ये अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. आता चोपड्याला राहते. बालहक्कांचं काम करायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारायला तरुण मुलंमुली घरी येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

आधी एक शंभर पानी वही घ्या. मोबाइलवर नोंदी ठेवायला हरकत नाही, पण पाड्यावर रेंज नसते आणि वही समोर असली की आयाबाया डोकावून चुका दुरुस्त करतात. पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे कबूल काय केलं ते, उजवीकडे पोराच्या वाट्याला काय आलं ते.

डावी बाजू आपल्याला मनाने लिहायची नाही, ती लिहून ठेवलेली आहे. बालहक्कांचा करार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी मंजूर केला आणि भारत त्यात ११ डिसेंबर १९९२ रोजी सामील झाला. ५४ कलमं आहेत. सगळी पाठ करू नका. कलम २ (भेदभाव नको), ३ (मुलाचं हित आधी), ६ (जगणं आणि वाढ), १२ (मुलाचं म्हणणं ऐकणं) एवढी चार मनात ठेवा, बाकीची लागतील तशी उघडा. त्याखाली आपले कायदे: शिक्षण हक्क कायदा २००९, बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६, पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) २०१२, बाल न्याय कायदा २०१५. कोणी म्हणालं की हे परदेशी खूळ आहे, तर हे कायदे समोर ठेवा. आपल्याच संसदेने केलेले आहेत.

उजवी बाजू लिहिताना घाई करू नका. प्रत्येक हक्काला तीन प्रश्न विचारा: सोय आहे का, ती चालते का, आणि पोरापर्यंत पोचली का. एका शाळेत पाहणीच्या कागदावर 'मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह: आहे' असं होतं, आणि ते होतंही. फरशी बसवलेलं, पाण्याची टाकी असलेलं. सातवीतल्या मुलीला विचारलं तेव्हा कळलं, त्याला कुलूप आहे आणि चावी गुरुजींच्या खिशात. मुली चावी मागायला लाजत, म्हणून सकाळपासून पाणी पीत नसत. पहिल्या प्रश्नावर थांबणारा माणूस तिथे 'हक्क मिळाला' असं लिहून गेला असता. म्हणून माझ्या वहीत 'स्वच्छतागृह आहे का' हा प्रश्नच नाही. 'चावी कोणाकडे' असा आहे.

मोजायचं कधी

ज्या दिवशी सगळं व्यवस्थित दिसतं त्या दिवशी मोजून काही कळत नाही. जूनमध्ये पट भरलेला असतो. खानदेशात खरी मोजणी तीन वेळा करावी लागते.

पहिली दिवाळीनंतर तीन-चार आठवड्यांनी. तोवर ऊसतोडीच्या टोळ्या गेलेल्या असतात. घरोघर जाऊन विचारा: कोण गेलं, पोरं सोबत नेली की आजीपाशी ठेवली, जाताना शाळेतून शिक्षण हमी कार्ड मिळालं का? हे कार्ड दाखवलं की जिथे जातील तिथल्या शाळेत बसता यावं, अशी ती सोय आहे. मागे राहिलेल्यांसाठी हंगामी वसतिगृह सुरू झालं का, आणि कोणत्या तारखेला? तारीख महत्त्वाची. टोळ्या गेल्यावर दीड महिन्याने उघडलेलं वसतिगृह कागदावर 'सुरू' असतं, पण पोरं तोवर फडात असतात.

दुसरी मोजणी होळीला. सातपुड्यातली माणसं कुठेही असली तरी होळीला परततात. भोंगऱ्याच्या, म्हणजे होळीच्या सुमाराला भरणाऱ्या आदिवासी बाजारात ढोल वाजत असतात, सगळं कुटुंब गावात असतं. दिवाळीनंतर जी नावं नुसती ऐकली होती, ती पोरं आता डोळ्यांनी बघायला मिळतात. दंडाचा घेर मोजा (कसा ते पुढे सांगते), हात बघा, शाळा किती महिने बुडाली ते त्यांनाच विचारा.

तिसरी अखाजीच्या आधी. अक्षय्य तृतीयेला माहेरवाशिणी झोके खेळायला येतात, तसेच लग्नाचे मांडवही पडतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. आकडा राज्याचा आहे. तुमच्या गावाचा आकडा शाळेतल्या आठवी-नववीच्या रिकाम्या बाकांवर सापडेल.

वजनाच्या रजिस्टरवर जरा जास्त वेळ द्या

कुपोषणाची सगळी आकडेमोड या एका रजिस्टरवर उभी आहे आणि ते वाचायला कोणी शिकवत नाही, म्हणून इथे थांबते.

आधी काटा तपासा. एक किलोची मिठाची सीलबंद पिशवी घेऊन जा आणि काट्याला लावा. काटा ८०० ग्रॅम किंवा सव्वा किलो दाखवत असेल, तर रजिस्टरच्या पुढच्या सगळ्या नोंदी त्याच मापाने चुकल्या आहेत. मग रजिस्टर उघडा आणि दशांशाचा आकडा वाचत खाली या. खरी वजनं ९.३, १०.७, ८.९ अशी वेडीवाकडी येतात. पानभर ९.०, ९.५, १०.०, १०.५ असंच असेल, तर वजन काट्यावर न घेता अंदाजाने लिहिलंय. तसंच एकाच पोराची तीन महिन्यांची ओळ बघा. दोन वर्षांच्या पोराचं वजन तीन महिने जसंच्या तसं असेल, तर एक तर त्याची वाढ थांबली आहे किंवा ते काट्यावर चढलेलंच नाही. दोन्ही गोष्टी गंभीर आहेत आणि दोन्हींचा जाब वेगवेगळ्या ठिकाणी विचारायचा असतो.

सेविकेवर धावून जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. तिच्याकडे गरोदर बायका, घरपोच आहार, मोबाइलमधलं पोषण ट्रॅकर, लसीकरण, वर आणखी सर्व्हे. काटा बिघडल्याचं तिने कळवलं होतं का आणि त्या अर्जाचं काय झालं, हे विचारा. अर्जाची पोच वहीत चिकटवा. पुष्कळदा चूक तिच्या वर दोन पायऱ्यांवर सापडते.

दंडाची पट्टी जवळ ठेवा. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराचा डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर. पट्टी आवळायची नाही, ढिलीही सोडायची नाही. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे अतितीव्र कुपोषण. त्याच दिवशी आरोग्य केंद्र. ११.५ ते १२.५ पिवळं. एकदा होळीच्या दुसऱ्या दिवशी फडातून आलेल्या एका मुलीचा दंड मी मोजला. पायात नवे पैंजण होते, ती हसत होती, आणि पट्टी ११.१ वर थांबली. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे त्या महिन्याचं वजन होतं, सर्वसाधारण श्रेणीत. ती त्या महिन्यात गावातच नव्हती.

आदिवासी भागात अमृत आहार योजना आहे. बालकांना आठवड्यातून चार दिवस अंडं, न खाणाऱ्याला केळी. किती दिवस मिळालं हे पोरांना विचारून टिंबं मांडा. पोरं अंड्याचा दिवस विसरत नाहीत.

शाळेतली पडताळणी सोपी आहे. पहिली ते पाचवीला दिवसाला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. सकाळी बाकावरची डोकी मोजा, मग शिजवायला किती तांदूळ काढला ते बघा. प्राथमिकची ४२ पोरं हजर तर ४ किलो २०० ग्रॅम. पट, डोकी आणि तांदूळ हे तीन आकडे तीन वेगवेगळ्या दिवशी लिहा. एका दिवसाच्या आकड्यावरून कोणावरही आरोप करू नका.

गावाची सरासरी काढू नका. गावठाण, वस्ती आणि पाडा यांचे रकाने वेगळे ठेवा, मुलगे-मुली वेगळे, अपंग मुलं वेगळी. गावठाणातली गुटगुटीत पोरं पाड्यावरच्या पोरांचा आकडा झाकून टाकतात.

नाव कधी बोलायचं नाही

ही माझी चूक आहे आणि ती तुमच्या हातून होऊ नये. नववीतल्या एका मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं. ग्रामसभेत मी उठले आणि तिचं नाव घेऊन सांगितलं. मला वाटलं गाव थांबवेल. दुसऱ्या रात्री तिला नातेवाइकांकडे नेलं आणि तिकडेच लग्न लावलं. तेव्हापासून सभेत फक्त संख्या बोलते. 'आपल्या गावात अठराच्या आतल्या दोन मुलींची लग्नं ठरली आहेत.' नाव जातं ते १०९८ या बालमदत क्रमांकावर, ग्रामसेवकाकडे (आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात), जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे किंवा पोलिसांकडे. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच असतो. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर पॉक्सोखाली पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे; तिथे स्वतः चौकशी करत बसू नका, मुलाला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावू नका. वहीतही नावं लिहू नका. घर क्रमांक आणि खूण पुरे.

पोरांना विचारताना प्रश्नांची यादी घेऊन बसू नका. मी अंगणात खडूने गावाचा नकाशा काढायला लावते आणि जिथे भीती वाटते तिथे खडा ठेवायला सांगते, मुलींचा गट वेगळा, मुलांचा वेगळा. एका गावात मुलांनी एकही खडा ठेवला नाही आणि मुलींचे सात खडे हातपंपाच्या वाटेवर पडले. तिथे संध्याकाळी दारू विकली जायची. सात खडे तसेच ठेवून सरपंचांना बोलावलं. ते बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभे राहिले. वाटेवर दिवा त्याच महिन्यात लागला. दारूसाठी वर्ष गेलं.

पैसा आणि कागद

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. पेसा क्षेत्रात, म्हणजे अनुसूचित आदिवासी भागात, त्याशिवाय आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी येतो. मागच्या तीन वर्षांत किती जमा, किती खर्च, कशावर, एवढं मागा. 'निधी नाही' या उत्तरावर कराराचं कलम ४ वाचून दाखवा: उपलब्ध साधनांच्या कमाल मर्यादेपर्यंत सरकारने करायचं आहे. पैसा नाही म्हणणाऱ्याने आहे तो कुठे गेला हे आधी दाखवावं.

तोंडी नाही मिळालं तर माहितीचा अधिकार. साधा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर. अर्जात 'का' विचारू नका, प्रत मागा. 'वसतिगृह उशिरा का सुरू झालं' याला उत्तर येत नाही. 'वसतिगृह मंजुरीचा आदेश, सुरू झाल्याचा दिनांक आणि पहिल्या महिन्याच्या हजेरीपटाची प्रत' याला उत्तर द्यावं लागतं. नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील.

आता ही वही वर कशी जाते ते. गावात ग्राम बाल संरक्षण समिती आणि शाळा व्यवस्थापन समिती आहे. शाळेच्या समितीत ७५ टक्के पालक असायला हवेत. आधी तिथे ठेवा, ग्रामसभेत ठराव घ्या, ठरावाची नक्कल घ्या. तिथून तालुका आणि जिल्हा, मग राज्याचा बालहक्क आयोग. शिक्षण हक्क कायद्याच्या अंमलावर नजर ठेवण्याचं काम कायद्यानेच आयोगाकडे दिलेलं आहे. आणि त्याच्याही वर जिनिव्हात १८ तज्ज्ञांची बालहक्क समिती बसते. करारात असलेल्या प्रत्येक देशाने दर पाच वर्षांनी तिच्यापुढे अहवाल द्यायचा असतो. सरकार आपला देतं, संस्था-संघटना आपला वेगळा देऊ शकतात, आणि समिती दोन्ही वाचून सरकारला प्रश्न विचारते. भारताला २०१४ च्या जूनमध्ये असे प्रश्न विचारले गेले. शेवटी समिती जे निष्कर्ष छापते ते वाचा. त्यातली शिफारस आपल्या वहीच्या डाव्या रकान्यात उतरवता येते. एकट्या मुलाला थेट जिनिव्हाला तक्रार करता येत नाही, कारण त्यासाठीच्या २०११ च्या जादा करारात भारत सामील झालेला नाही. म्हणून संस्थांच्या अहवालाची वाट मोलाची आहे. राज्यातल्या ज्या संस्था तो लिहितात त्यांना पाड्यावरचे आकडे हवे असतात: तारीख घातलेले, कसे मोजले ते लिहिलेले, नावाशिवाय.

त्या म्हातारीच्या पाड्यावर मी अजून जाते. दर दिवाळीनंतर आणि होळीला. सेविका आता 'ह' लिहीत नाही, 'स्थ' लिहिते, म्हणजे स्थलांतरित, आणि पुढे गावाचं नाव. गेल्या वेळी अशा नऊ 'स्थ' होत्या. पाचांना हमी कार्ड मिळालं होतं. चौघांचा अर्ज मी तिच्यासोबत बसून लिहिला.