पट्टीच्या मागच्या गिरगोट्या

लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मी मुनीम आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक सुरू झाली की मान वर करायला सवड नसते. काट्याचं वजन, ओलावा, भाव, हमाली, तोलाई, सगळं लिहून शेतकऱ्याच्या हातात पट्टी द्यायची, आणि तेवढ्यात फोन वाजत असतो. एका हंगामात माझी एका पट्टीतली बेरीज चुकली. शेतकरी गावाकडून परत आला, शेठ सगळ्यांसमोर बोलले. त्या रात्री डोळे मिटले की आकडेच दिसत होते. शेवटी उठून ढाळजेत बसलो, खिशातली रद्द झालेली पट्टी काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नुसता पेन फिरवत राहिलो. काय काढतोय ते पाहिलंही नाही. अर्ध्या तासाने लक्षात आलं की आवळलेले खांदे खाली आलेत. तेव्हापासून रोज थोडा वेळ मी हे करतो. ज्यांचं डोकं संध्याकाळपर्यंत तापतं, त्यांनी करून बघावं.

सगळ्यात आधी कागद. तो रद्दीतलाच घ्या: जुनं बिल, लग्नपत्रिकेची मागची बाजू, गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान. माझ्या पुतणीने मला चांगली जाड पानांची वही आणून दिली होती, पण तिच्यावर माझा हात चालेना. कोरं, महागाचं पान समोर आलं की ते खराब होऊ नये असं वाटतं, आणि परत तोच ताण. रद्दीला कोण जपतंय? पेन साधा बॉलपेन. पेन्सिल घेतली की खोडरबर शोधावासा वाटतो, म्हणून ती नकोच.

सुरुवात कुठून करायची हे कळत नसेल तर ‘ळ’ काढा. आपल्या अक्षरांत याच्याइतकं गोल, हाताला सोपं वळण दुसरं नाही. डोक्यावरची रेघ सोडून द्या. एक ळ, त्याला जोडून दुसरा, पेन न उचलता ओळभर. पहिली ओळ घाईत आणि दाबून निघते. कागदाच्या पाठीवर बोट फिरवलं तर उठाव लागतो. मनावर किती ओझं आहे ते मला या उठावावरून कळतं. दुसऱ्या ओळीला मुद्दाम सावकाश जा, श्वास सोडताना वळण पुरं करा. तिसऱ्या-चौथ्या ओळीला पेन आपोआप हलका होतो. मग या वळणांत जे डोळे तयार होतात ते भरा: एकात आडव्या रेघा, एकात ठिपके, एक तसाच रिकामा.

ळचा कंटाळा आला की ठिपके. माय पहाटे सडा टाकून शिरगोळ्याच्या पांढऱ्या रांगोळीने ठिपके द्यायची. पाच आडवे, पाच उभे देऊन बघा आणि त्यांच्या मधून, भोवतीने एकच रेघ वळवत न्या. वाट चुकली तर चुकली. मायची कधी चुकली की ती तिथेच एक पान काढून पुढे जायची.

हात बसला की चौकटी पाडा. अजिंठ्याला गेलात तर पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात मान वर करून छत बघा. सगळे भिंतीवरच्या पद्मपाणीपाशी थांबतात, मला मात्र छत जास्त आवडतं. लहान-लहान चौकटी आणि प्रत्येकीत काहीतरी वेगळं, कुठे फूल, कुठे फळ, कुठे प्राणी. तशा आठ-दहा चौकटी आखा आणि रोज दोनच भरा. घरात पैठणी असेल तर काठावरची आसवलीची वेल बघून एखादी चौकट भरते.

एखादा आकडा डोक्यात घुमतच राहिला, कर्जाचा हप्ता म्हणा, कॉलेजची फी म्हणा, तर तो मधोमध लिहा आणि त्याच्या भोवती कडी करत बाहेर या. आकडा तेवढाच राहतो, पण छातीवरचा दाब कमी होतो.

चित्रकला येत नाही म्हणून अडू नका. पुतणीने मला वाचून दाखवलं होतं: अमेरिकेत ड्रेक्सेल विद्यापीठातल्या गिरिजा कैमल यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 39 मोठ्या माणसांना 45 मिनिटं मार्कर, कागद, चिकणमाती घेऊन हवं ते करू दिलं. जवळपास 75 टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, कमी झालं. आधी कला येणाऱ्यात आणि न येणाऱ्यात त्याबाबत फरक पडला नाही. मला तर दहा मिनिटंही पुरतात, दुपारच्या डब्याआधी आणि रात्री मोबाईल बाजूला ठेवल्यावर.

फोनवर लांबलचक भाव ऐकताना गिरगटलं तरी चालतं, उलट ऐकलेलं लक्षात राहतं. पण समोर शेतकरी बसलाय, माल भिजलाय, भाव पडलाय आणि तो तुमच्याशी बोलतोय, तेव्हा पेन खाली ठेवा आणि त्याच्या तोंडाकडे बघा.

आणि आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर कागदावर भागवू नका. डॉक्टरांकडे जा, किंवा 14416 या टेली मानसच्या सरकारी नंबरवर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.

भरलेले कागद मी साठवत नाही. सकाळी अंघोळीचं पाणी तापवायला बंब पेटवतो, तेव्हा लाकडाखाली आधी तेच घालतो.