बैल-म्हशीचं शिंग साफ करून टिकवायचं कसं

मेळघाट-ताडोब्याकडच्या रानात चितळ-सांबराची गळालेली शिंगं दिसतात, ती मात्र उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती सरकारची. आपोआप गळाली म्हणून सूट नाही. साळिंदरं कुरतडून खातात, त्यांना खाऊ द्या. खाली सांगितलं आहे ते घरच्या मेलेल्या बैल-म्हशीच्या शिंगाचं.

हरणाचं शिंग भरीव हाड असतं. बैलाचं तसं नाही: आत हाडाचा गाभा, वर नखाच्या जातीची खोळ. टिकवायची ती खोळ.

जनावर अचानक मेलं असेल आणि नाकातून, गुदातून न गोठणारं काळपट रक्त आलं असेल, तर फाशी रोगाचा संशय घ्या. हात लावू नका, कापू नका, जनावरांच्या डॉक्टरला कळवा. फाशीचे जंतू साध्या उकळण्यानं मरतीलच असं नाही.

एरवी शिंग बुडाशी करवतीनं कापा. प्लास्टिकच्या बकेटीत पूर्ण बुडेल इतकं पाणी घाला, वर दगड ठेवून झाका (कुत्री ओढून नेतात) आणि घरापासून दूर ठेवा. उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे, हिवाळ्यात महिनाभर. वास मारतो म्हणून पाणी बदलू नका. गाभा आणि खोळीमधला पडदा त्यातले जंतूच कुजवतात. आटलं तेवढंच वरून घाला. मग खोळ पिळून ओढली की सुटते. नाही सुटली तर आणखी आठवडा. हातोडीनं ठोकाल तर बुडाशी चीर जाईल. घाईच असेल तर जुन्या गंजात (पातेल्यात), उकळी फुटू न देता अर्धा-पाऊण तास गरम पाण्यात ठेवा. खळखळ उकळलं की खोळ मऊ पडून वाकडी होते, पापुद्रे सुटतात.

आतून खरवडा, भांड्यांच्या साबणानं कोमट पाण्यात धुवा. चुना, धुण्याचा सोडा, ब्लीच यांपैकी काहीही नको. कातडीवरचे केस काढायला चुना वापरतात. केस आणि शिंग एकाच द्रव्याचे, तेव्हा शिंगही तो खाणारच.

सावलीत, तोंड खाली करून तीन आठवडे वाळवा. मे महिन्याच्या उन्हात टाकलेलं शिंग हमखास तडकतं, कारण बाहेरचा थर आतल्याआधी आकसतो.

पॉलिशचं काम वेळखाऊ. फुटलेल्या काचेच्या धारेनं बुडाकडून टोकाकडे खरवडा, मग ८०, १२०, २२०, ४०० नंबरचा पॉलिश पेपर क्रमानं. ८० चे ओरखडे १२० नं पूर्ण गेल्याशिवाय पुढचा घेऊ नका, नाहीतर ते चकाकी आल्यावरच दिसतात. शेवटचा पेपर ओला करून घासा. नाकाला फडकं हवंच. जळक्या केसांचा वास आला तर घासणं जोराचं होतंय, थांबा. शेवटी चाळलेली राख ओल्या सुती फडक्यावर घेऊन चोळा, कोरडं झालं की जवसाच्या तेलाचा हात फिरवा. जाड थर दिला तर चिकट राहतो. तेलाचं फडकं गोळा करून टाकू नका, ते आपोआप पेटू शकतं, पसरून वाळवा.

कसर शिंगालाही लागते. बंद पेटीत डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवा आणि पावसाळ्यानंतर बुडाशी भुसा पडलाय का ते बघा.